रक्ताचा स्विच वेगळा, पालकांचं कुलूप वेगळं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पोराला व्हिडिओ गेम घेऊन द्यायला आलेले वडील डब्यावरचा १८ चा आकडा बघून बिचकतात. लगेच काउंटरवरून उत्तर येतं, "काका, सेटिंगमधनं रक्त बंद करता येतंय की!" आणि खरेदी होते. दुकानदारांनी हे सांगणं आता थांबवावं.

हा आकडा म्हणजे गेम कोणत्या वयापासून चालेल याचं रेटिंग, त्याबद्दल फार सांगायला नको. युरोपची रेटिंग व्यवस्था पेगी ३, ७, १२, १६, १८ असे आकडे देते. अमेरिकेच्या ईएसआरबी या रेटिंग संस्थेचा 'एम' म्हणजे १७ आणि त्यापुढचे. एका वर्षाच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा घोळ रक्त बंद करायच्या स्विचचा. तो गेम बनवणाऱ्यांनी दिलेला असतो आणि फक्त चित्र बदलतो. काही गेममध्ये त्याने हातपाय तुटणंही थांबतं, काहींत फक्त लाल रंग जातो. आधीच तयार करून ठेवलेले व्हिडिओ सीन बहुधा तसेच राहतात. शिव्या, नग्नता, ऑनलाइन व्हॉइस चॅटवरची घाण यांना तर तो हातच लावत नाही. पेगी १८ देताना रक्त किती सांडलं एवढंच बघत नाही. विनाकारण केलेली हत्या, असहाय माणसावरचा हल्ला हेही बघतं. मिसळीवरचा कट काढला म्हणून खालचा रस्सा गोड होत नाही. शिवाय हा स्विच पोरगंच दोन बटणांत परत चालू करतं.

"कार्टूनसारखं तर दिसतंय" हा दुसरा बहाणा. २००९ चा 'मॅडवर्ल्ड' जवळपास पूर्ण काळापांढरा, कॉमिकसारखा होता. तरीही त्याला 'एम'च मिळाला.

पालकांचं कुलूप कन्सोलमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या यंत्रात असतं आणि ते वय बघून अख्खा गेमच सुरू होऊ देत नाही, डिस्क घातली तरी. पीएस५ (प्लेस्टेशन ५) या कन्सोलवर आधी मुलाचं वेगळं खातं काढा, मग सेटिंग्जमधल्या 'फॅमिली अँड पेरेंटल कंट्रोल्स'मध्ये जाऊन त्याच्यासाठी गेमची वयोमर्यादा लावा. कन्सोलच्या निर्बंधांचा मूळ पासकोड ०००० असतो. तो बदलला नाही तर सगळी मेहनत पाण्यात, कारण शाळेतल्या प्रत्येक पोराला तो पाठ असतो. तिथेच नवीन युजर आणि गेस्ट लॉगिन बंद करा. आणि बाबांच्या खात्याला लॉगिनचा पासकोड लावाच. बहुतेक घरांत कुलूप इथेच फुटतं: मर्यादा मुलाच्या खात्याला, पोरगं खेळतंय बाबांच्या खात्यावरून.

रक्ताचा स्विच निरुपयोगी आहे असं नाही. रक्त बघून ज्यांना मळमळतं अशा मोठ्या माणसांनी तो जरूर वापरावा. हॉलमध्ये आजी शेजारी बसली असेल तेव्हाही.