चकव्यामागची गोष्ट

कोकणात चकव्याची गोष्ट नाही असं घर सापडायचं नाही. रात्री सड्यावरून येताना माणूस वाट चुकतो, चालून चालून दमतो आणि फिरून त्याच गडग्यापाशी येतो. देवगडाकडच्या आमच्या घरात हा मान मामांचा. पलीकडच्या वाडीतला दशावतार बघून परतत होते. अंधारी रात्र, वीसेक मिनिटांची वाट, त्यात मध्येच कंदील विझला. तोच गडगा तिसऱ्यांदा आडवा आला तेव्हा ते मुकाट खाली बसले. "चकवो लागलो तर थंयच बस, उजाडापर्यंत हलू नको," ही आजीची शिकवण.

या शिकवणीला प्रयोगशाळेचा शिक्का मिळायला २००९ साल उजाडावं लागलं. जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना अनोळखी रानात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं आणि एकच सांगितलं : सरळ चालत राहा. रानात सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलेल्या दिवशी गोल फिरली, आणि आपलीच वाट आपण ओलांडतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. वाळवंटात एक जण चांदण्या रात्री चालला. चंद्र ढगाआड जाईपर्यंत सरळ, नंतर वळत वळत आल्या दिशेला. डोळे बांधलेल्या माणसांची वर्तुळं तर कधीकधी वीस मीटरपेक्षाही लहान होती. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, हे जुनं स्पष्टीकरण इथे टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. 'सरळ म्हणजे कुठे' याचा डोक्यातला अंदाजच दर पावलाला थोडा थोडा सरकत जातो.

म्हणजे माणूस जमिनीवरून चालतो ते डोक्यातल्या नकाशाच्या भरवशावर. या कल्पनेचं मूळ मात्र फार जुनं आहे.

आपल्याकडच्या दर्शनांनी त्यासाठी चक्क किनाऱ्यावरचं उदाहरण घेतलं : शुक्तिरजत. वाळूत शिंपला चमकतो आणि चांदीचा तुकडा पडल्यासारखा वाटतो. ती चांदी आली कुठून? नैयायिक म्हणाले, आधी दुसरीकडे पाहिलेली चांदी इथे भासते. प्रभाकराच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, समोर दिसणारं 'हे' आणि आठवणीतली 'चांदी' यांतला फरक लक्षात येत नाही, इतकंच. अद्वैत्यांनी ती चांदी खरीही नाही आणि खोटीही नाही असं ठरवलं. शतकानुशतकं वाद चालला. म्हणून प्राचीनांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं असं कृपा करून कुणी म्हणू नये. त्यांचा प्रश्न ज्ञान खरं कधी मानायचं हा होता. पण पाहण्यात आठवणीचा हात असतो, हे त्यांनी नेमकं पकडलं होतं.

युरोपात हा धागा पक्का केला जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजता येणारच नाही, असं त्यांचे गुरू योहानेस म्युलर मानत. शिष्याने १८५०च्या सुमाराला बेडकाच्या पायावर ते मोजून दाखवलं : सेकंदाला साधारण तीस मीटर. विजेच्या मानाने हे फारच हळू. जगाची बातमी मेंदूला उशिरा कळते, आणि डोळ्यातली प्रतिमा तर सपाट आणि उलटी. तरी आपल्याला खोलीसकट उभं जग दिसतं. १८६७ साली पूर्ण झालेल्या आपल्या प्रकाशविज्ञानाच्या ग्रंथात हेल्महोल्ट्झ यांनी म्हटलं, की पाहणं म्हणजे आपल्या नकळत काढलेलं अनुमान.

डोक्यातल्या या नकाशासाठी 'मॉडेल' हा शब्द मात्र केनेथ क्रेक यांनी रुजवला. १९४३ साली केंब्रिजच्या या तरुण मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, की जिवाच्या डोक्यात बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती असेल तर संकट येण्याआधीच त्याला मनात चाली करून बघता येतील. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना होडी थांबवून उभा राहिलेला तांडेल हेच करतो. होडी आधी डोक्यातून आत जाते. क्रेक १९४५ साली सायकलच्या अपघातात गेले. वय अवघं ३१.

पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली उंदरांच्या डोक्यातल्या नकाशाबद्दल लिहिलं. १९७१ साली जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ठरावीक जागी गेल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या, आणि २००५ साली नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात जागेची षट्कोनी जाळी आखणाऱ्या. तिघांना २०१४ सालचं नोबेल मिळालं. चकव्याच्या दृष्टीने महत्त्वाची ती ही जाळी. पावलं आणि वळणं मोजत ती पुढे सरकते, मोजणीत चूक साठत जाते, आणि उंदीर भिंतीपाशी आला की हिशेब पुन्हा जुळतो. कोळी दर्यावर दोन खुणा, म्हणजे डोंगराचा माथा आणि देवळाचा कळस, एका रेषेत धरतात ते यासाठीच.

नकाशा बदलतोही. जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९०च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं आठ दिवस लावली. शेवटी ते त्यांतून सहज वावरू लागले, आणि भिंगं काढल्यावर ओळखीची खोलीच चमत्कारिक वाटली. आपल्याकडे हा अनुभव फुकटात मिळतो. चार-पाच दिवस दर्यावर काढून बंदरावर उतरलेल्या खलाशाला जमीन डुलतेय असं वाटतं. होडीचं हेलकावणं मेंदूने गृहीत धरून वजा करायला घेतलेलं असतं, आणि जमिनीवरही तो थोडा वेळ वजा करतच राहतो.

१९९९ साली राजेश राव आणि डाना बॅलार्ड यांनी याचंच गणित मांडलं : मेंदूचा वरचा थर खाली अंदाज पाठवतो, आणि खालून वर जाते ती फक्त चूक. अंधारात खूणच दिसत नसेल, तर चूक तरी कशी कळणार?

मामांना हे सगळं एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "मगे कंदील कोणी इजवल्यान?"