बालक, किशोर, तरुण : शब्दांना वयाचे आकडे कसे चिकटले

सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या कागदात 'अल्पवयीन' असते, बातमीच्या मथळ्यात 'तरुणी' होते, लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात 'बालक' ठरते आणि सरकारच्या युवा धोरणात 'युवा'. मथळ्यातला 'तरुणी' मला फार खटकतो. तिला मिळालेलं कायद्याचं संरक्षण वाचणाऱ्याच्या नजरेतून त्या एका शब्दाने निसटतं. पण हा गोंधळ आजचा नाही. हे शब्द वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी आले आहेत.

घरातल्या बोलीत वय अंगावरून ओळखलं जाई. तान्हं, रांगतं, दुधाचे दात पडलेलं, मिसरूड फुटलेला, वयात आलेली. यात वर्षांचा हिशेब कुठेच नाही. बाळ, मूल, पोर, लेकरू हे सगळे शब्द नपुंसकलिंगी आहेत, वासरू-कोकरासारखेच. ते मूल जरा मोठं झालं की मगच त्याचा 'तो मुलगा' किंवा 'ती मुलगी' होते.

आयुर्वेदानेही अशीच खूण धरली, मात्र तिला वर्षांची जोड दिली. सुश्रुतसंहितेत सोळा वर्षांच्या आतला तो बाल, आणि त्याचे आहारावरून तीन प्रकार : वर्षापर्यंत दुधावरचा क्षीरप, दोन वर्षांपर्यंत दूध आणि अन्न दोन्ही घेणारा क्षीरान्नाद आणि त्यापुढचा अन्नाद. चरकसंहिता तर बालवय तिशीपर्यंत ताणते. सोळापर्यंत धातू, म्हणजे शरीर घडवणारे रक्त-मांसासारखे घटक, अपक्व असतात आणि तिशीपर्यंत त्यांची वाढ चालू राहते, असं तिचं म्हणणं.

सगळ्यात मोठा प्रवास 'पौगंड' या शब्दाचा. वैष्णव परंपरेतल्या एका प्रसिद्ध श्लोकात पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, सोळापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन, अशी वाटणी आहे. त्या हिशेबाने पौगंड म्हणजे आजची पहिली ते चौथीतली पोरं! आधुनिक मानसशास्त्र मराठीत आलं तेव्हा मात्र 'पौगंडावस्था' हा शब्द वयात येण्याच्या काळासाठी वापरला गेला. 'कुमार'ही तसाच वर सरकला. शिशुगटातल्या मुलाला आज कुणी कुमार म्हणत नाही.

वयाच्या आकड्याला खरा जोर आला तो एकोणिसाव्या शतकात, कोर्ट आणि गिरणीमुळे. 1875 च्या कायद्याने सज्ञानपणाचं वय अठरा ठरवलं, पण कोर्टाने पालक नेमलेला असेल तर एकवीस. हा भेद थेट 1999 मध्ये गेला. सज्ञानाच्या उलट तो 'अज्ञान', म्हणजे अल्पवयीन. हा शब्द गावोगावी पोचला तो सातबाऱ्यावरून. वडील वारले की लहान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता असा शेरा लागतो आणि आईचं नाव येतं. मुलगा अठराचा झाला तरी तो शेरा आपोआप जात नाही, त्यासाठी अर्ज करून फेरफार करून घ्यावा लागतो. त्यामुळे स्वतःची मुलं कॉलेजात गेलेला शेतकरीही कागदोपत्री अज्ञान राहिलेला आढळतो.

कारखान्यांच्या 1881 च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती, हे वाचताना आज अंगावर काटा येतो. 1891 मध्ये ही वयं नऊ आणि चौदा झाली, तास सातवर आले. त्याच वर्षी संमतिवयाचा, म्हणजे मुलीने शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाचा, कायदा झाला. बंगालमधल्या फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीने जीव गेला होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी कायद्याचा आग्रह धरला, आगरकरांनी पाठिंबा दिला, टिळकांनी विरोध केला; शेवटी संमतीचं वय दहावरून बारा झालं. सारडा कायद्याने 1929 मध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं, आणि अठरापर्यंत यायला 1978 साल उजाडलं.

गुन्ह्याच्या बाबतीत 1986 चा बाल न्याय कायदा मुलाला सोळापर्यंत आणि मुलीला अठरापर्यंत बाल मानत होता. 2000 मध्ये दोघांनाही अठरा लागू झालं. 2015 च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातल्यांवर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली, पण त्यांना म्हणायचं मात्र 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. शब्द बोजड आहे हे खरं, तरी 'बालगुन्हेगार'पेक्षा मला तोच हवासा वाटतो. पोराच्या कपाळावर तो कायमचा शिक्का मारत नाही.

वरच्या टोकाला तर आकडा अजून हलतोच आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी 15 ते 24 वयाच्यांना युवा धरतो. आपल्या 2003 च्या युवा धोरणात 13 ते 35 होतं, ते 2014 मध्ये 15 ते 29 झालं.

आकडा कितीही पक्का केला तरी जन्मतारीख कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच. गावाकडच्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि तारीख तीच टाकली. आणि वयाचा वाद बाल न्यायाच्या प्रकरणात आला, तर कायदा आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला मागतो. तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी.