सोऱ्या आणि विरजण: दुसऱ्या ग्रंथालयातून नेमकं काय मागवताय?

"सर, ते पुस्तक डेलनेटवरून मागवा ना. पीडीएफ आली तरी चालेल."

हे वाक्य मी कॉलेजच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर दर आठवड्याला ऐकतो. त्यात दोन वेगळ्या सेवा एकमेकींत कोंबलेल्या असतात. दुसऱ्या ग्रंथालयाचं पुस्तक मागवणं म्हणजे आंतरग्रंथालयीन उसनवारी, आमच्या भाषेत आयएलएल. लेखाची किंवा एखाद्या प्रकरणाची प्रत मागवणं म्हणजे डॉक्युमेंट डिलिव्हरी. दोन्हींची मागणी एकाच टेबलावर नोंदवली जाते, १९८८ साली दिल्लीत सुरू झालेलं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं दोन्ही पुरवतं, म्हणून सगळ्यांना ते एकच वाटतं. प्राध्यापकांनाही.

आपल्याच कॉलेजातून पुस्तक कसं घ्यायचं ते सांगत बसत नाही. कार्ड, मुदत, दंड, टीसी काढताना नो ड्यूज. हे पाठ असतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण बाहेरून आलेलं पुस्तकही लोक त्याच हिशेबाने वापरतात.

आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया घालायच्या असल्या की शेजारून सोऱ्या आणतात. काम झालं की घासूनपुसून परत. त्याच शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, तर ते परत मागायला कुणी दारात येत नाही. तिचं दही तिच्या घरी आहेच. बाहेरून आलेलं पुस्तक हा सोऱ्या आणि लेखाची प्रत हे विरजण. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं.

सोऱ्याचं आधी. पुस्तक समजा नांदेडच्या विद्यापीठातून निघून बीड जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात आलं. तेवढे दिवस नांदेडच्या वाचकाला ते मिळणार नाही. म्हणून देणारं ग्रंथालय मुदत स्वतः ठरवतं, मधेच परत मागवू शकतं, 'फक्त ग्रंथालयात बसून वाचावे' अशी अटही घालतं. कोश आणि दुर्मिळ प्रती बहुधा देतच नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी ऐकूनच घेत नाही: पुस्तक तुम्ही उसनं घेतलेलं नसतं, कॉलेजने घेतलेलं असतं. देणाऱ्या ग्रंथालयाच्या रजिस्टरात तुमचं नाव नसतं, आमच्या कॉलेजचं असतं. दोन रुपये रोज दंड भरून मोकळं व्हायची सोय तिथे नाही.

एका संशोधक विद्यार्थ्यासाठी १९७२च्या दुष्काळावरचं पुस्तक मागवलं होतं. पार्सल माझ्यासमोरच फोडलं. खाकी कागद, आत अटींची चिठ्ठी, मलपृष्ठावर त्यांचा बारकोड. बसून वाचायची अट होती. तरी 'एकच दिवस, सर' म्हणून त्याने घरी नेलं, आणि मी नेऊ दिलं, ही चूक माझी. तीन आठवड्यांनी पुस्तक आलं ते निळ्या पेनाच्या रेघा घेऊन. एका पानाच्या समासात 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं, त्याखाली दोन रेघा. नवी प्रत घेऊन दिली, माफीचं पत्र लिहिलं. पुढच्या मागणीला त्या ग्रंथालयाने 'उपलब्ध नाही' कळवलं. पुस्तक कॅटलॉगमध्ये दिसत होतं.

आता विरजण. लेखाची प्रत येते तेव्हा मूळ अंक जागचा हलत नाही. ती परत करायची नाही, मुदत नाही, नो ड्यूज नाही. गेल्या महिन्यात एम.ए.ची एक मुलगी पानांचा गठ्ठा सांभाळत आली, 'सर, हे परत कधी आणू?' सगळ्या पोरांनी सोऱ्याच्या बाबतीत एवढी काळजी केली असती तर!

पण विरजण फुकट आलं म्हणून त्याचं दुकान लावायचं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खाजगी वापरासाठी, संशोधनासाठी, उचित वापराची मुभा आहे. ती मुभा तुमच्यापुरती. आलेली प्रत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की 'खाजगी' कसलं राहिलं? आणि अख्खं पुस्तक स्कॅन करून मागवता येत नाही, कितीही वेळा 'ॲडजस्ट करा' म्हटलं तरी. यावर कुणीतरी हमखास त्याच कायद्यातलं, पुस्तकाच्या तीन प्रती काढू देणारं कलम दाखवतं. ती सवलत विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला आहे, तिथल्याच वापरासाठी, आणि पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तरच. तुमच्या सेट परीक्षेच्या तयारीसाठी नाही.

खरा घोळ होतो तो संपादित ग्रंथांत. आपल्याकडे चर्चासत्रांतून आयएसबीएनवाल्या जाडजूड ग्रंथांचं अमाप पीक येतं. त्यातला चौदा पानांचा एक लेख हवा असतो आणि लोक सहाशे पानी ग्रंथ मागवतात. मग टपालखर्च, वाट पाहणं, सांभाळणं, परत पाठवणं. तेवढ्या लेखाची प्रत मागितली असती तर ती ईमेलने आली असती. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो: किती पानं वाचणार? खरं उत्तर द्या. 'सगळंच वाचणार' म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पुस्तकातली खूण विसाव्या पानावर सापडते. उलट ज्याला एखाद्या लेखकाचा सगळा युक्तिवाद तपासायचा आहे, त्याने पुस्तकच मागवावं. तुटक प्रकरणांवर प्रबंध उभा राहत नाही.

मागणी लिहिताना पुस्तकासाठी लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, आवृत्ती. लेखासाठी नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक, पृष्ठ क्रमांक. कापलेला स्क्रीनशॉट नको. हल्ली एआयने रचून दिलेले संदर्भही येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कुणी लिहिलेलाच नाही. असा एक संदर्भ शोधण्यात माझी दुपार गेली आहे, म्हणून आता मूळ पान दाखवल्याशिवाय मी मागणी घेत नाही.

ई-बुक या दोन्हींत बसवू नका. ते बहुधा परवान्यावर घेतलेलं असतं, पार्सल करून पाठवता येत नाही. लेख आधी एन-लिस्टवर, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकांच्या सेवेवर, शोधा. कॉलेज सभासद असेल तर लॉगिन मिळतं आणि कितीतरी लेख तिथेच सापडतात. प्रबंधाची मागणी करण्यापूर्वी शोधगंगा हा प्रबंधांचा ऑनलाइन साठा उघडा, तो सगळ्यांना खुला आहे.

आणि पुस्तक मागवलंच असेल, तर मुदतवाढ हवी आहे हे आठवडाभर आधी सांगा. मला त्या ग्रंथालयाला लिहावं लागतं, त्यांना त्यांचे वाचक बघावे लागतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन केलात तर तिथे उचलायला कुणी नसतं.