फळी कोण ढकलतं, मशीन कोण लावतं? लाकूडकामाच्या मशीन ऑपरेटरची पार्श्वभूमी

१८१७ साली मुंबईच्या गोदीतून 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यात उतरली. वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याचं लाकूडकाम करवत, वाकस आणि रंध्यावर झालेलं, म्हणजे माणसाच्या खांद्या-मनगटाच्या जोरावर. पण त्याच ब्रिटिश आरमारासाठी इंग्लंडमधल्या पोर्टस्मथच्या गोदीत वेगळंच काही सुरू झालं होतं. शिडाच्या जहाजाला दोर ओढायला लाकडी कप्प्या लागतात, ७४ तोफांच्या एका जहाजाला सुमारे हजार. मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉडस्लेने घडवलेली ४५ यंत्रं तिथे बसली आणि ११० कसबी कारागिरांचं काम १० साधे मजूर करू लागले. १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होत होत्या.

लाकूडकामाचा मशीन ऑपरेटर घडला तो अशाच कारखान्यांत. ११० जागी १० हा आकडा नेहमी गेलेल्या रोजगाराचा म्हणून सांगितला जातो. त्यात एक गोष्ट सुटते. यंत्राला धार लावणारा, पातं बसवणारा, माप जुळवणारा माणूस त्या दहांपेक्षा वेगळा होता आणि त्याच्यावाचून यंत्र चालत नव्हतं. फळी पुढे सरकवणारा एक आणि मशीन लावणारा एक, ही फूट तेव्हाच पडली. या धंद्याचा पुढचा सगळा इतिहास, आणि भविष्यसुद्धा, याच फुटीतून समजतं.

गोल करवतीचं पेटंट १७७७ मध्ये सॅम्युअल मिलरने घेतलं, पट्टा करवतीचं म्हणजे बँडसॉचं १८०८ मध्ये विल्यम न्यूबेरीने. पण बँडसॉ कित्येक वर्षं कागदावरच राहिला, कारण पट्टा जिथे जोडला जाई तिथेच तुटे. फ्रान्समध्ये १८४६ नंतर टिकाऊ सांधा जमला, तेव्हा कुठे ते यंत्र वखारीत आलं. आजही सॉ मिलमध्ये पट्टा तुटला की आधी सांधा पाहतात, मग दातांमधली खोबण. धार लावताना ग्राइंडरखाली पोलाद निळं पडलं तर खोबणीचा कोपरा ठिसूळ होतो आणि बारीक चीर तिथूनच सुरू होते. चांगला धारवाला दगड हलका टेकवतो आणि दोन फेऱ्या जास्त मारतो, ते यासाठी.

ऑपरेटरची बोटं सर्वांत जास्त खाल्ली ती रंधा मशीनने, म्हणजे सरफेस प्लेनरने. सुरुवातीच्या मशीनमध्ये पाती चौकोनी ठोकळ्यावर बसवलेली असत. ठोकळा फिरताना त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाची कड यांच्यात मोठी फट उघडे. हात घसरला तर बोटं मुळापासून आत ओढली जात. गोल ठोकळा आल्यावर फट एवढीशी उरली आणि त्याच चुकीत पेराच्या टोकावर निभावू लागलं. ब्रिटनने १९२२ च्या नियमांत हातानं फळी सरकवायच्या रंधा मशीनवर गोल ठोकळा सक्तीचा केला. आपल्याकडेही कारखाना अधिनियम १९४८ खालच्या नियमांत हीच अट घातली गेली. गोल करवतीमागे पाचर-पट्टी हवी, ती पात्याच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी असावी, आणि शिकवल्याशिवाय कुणाला मशीनवर उभं करू नये, हेही त्यातच. ही पट्टी चिरलेली फट मिटू देत नाही. फट मिटली की लाकूड पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांना चिकटतं आणि ऑपरेटरच्या पोटाकडे फेकलं जातं. छोट्या वर्कशॉपांत 'मधे येते' म्हणून ती काढून ठेवलेली दिसते. यासारखा महाग शॉर्टकट दुसरा नाही.

रंधा मशीनचं सेटिंग जवळून पाहिलं तर मशीन लावणं म्हणजे काय ते कळतं. मेन स्विच बंद करून बाहेरच्या टेबलावर, म्हणजे रंधून झालेली फळी जिथे जाते तिथे, सरळ कडेची लाकडी पट्टी ठेवायची आणि ठोकळा हाताने हळू फिरवायचा. पात्याने पट्टी दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढून सोडली पाहिजे. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक पात्याला हे अंतर सारखं आलं की सेटिंग जमलं. बाहेरचं टेबल पात्यापेक्षा खाली राहिलं तर फळीचं शेवटचं टोक खोल खाल्लं जातं. वर राहिलं तर फळी टेबलाच्या कडेला अडते. बहुतेक वेळा दोष लाकडाला दिला जातो, चूक मात्र टेबलाच्या उंचीतल्या या किंचित फरकाची असते.

महाराष्ट्रात ही यंत्रं मोठ्या प्रमाणावर रुजली त्यात रेल्वेचा वाटा आहे. माटुंग्याचा डब्यांचा कारखाना १९१५ चा. तेव्हाच्या डब्यांचे सांगाडे लाकडी, सागवानाचे. १९५५ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातून पोलादी डबे निघू लागले आणि रेल्वेतलं लाकूडकाम आटत गेलं. बाहेर मात्र पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नागपूरचं लकडगंज, मुंबईतल्या रे रोडच्या वखारी इथे सॉ मिल, रंधा मशीन आणि खाच पाडायची मशीन यांवर माणसं उमेदवारी करूनच शिकत राहिली. विदर्भातल्या आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाची ख्याती तर अशी की अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड २०२३ मध्ये तिथूनच गेलं.

मग न्यायालयाच्या आदेशांनी या धंद्याची दिशा बदलली. जंगल वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलातल्या सॉ मिलवर बंधनं घातली आणि ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी सॉ मिल, व्हिनीअर किंवा प्लायवूड गिरणी उघडणं थांबवलं. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला. ओंडका चिरायचा तर परवाना लागतो. तयार बोर्ड कापायचा तर ती अडचण नाही. त्यामुळे नवा मालक साहजिकच बोर्डाकडे वळला. मॉड्युलर किचनची हौस हे दुसरं कारण, पण माझ्या मते पाया परवान्याने घातला. ऑपरेटरची नोकरी वखारीतून उठून एमआयडीसीतल्या शेडमध्ये गेली ती अशी.

तिथलं मुख्य यंत्र म्हणजे पॅनेल सॉ. त्याचा पूर्वज, सरकत्या टेबलाची करवत, विल्हेल्म आल्टेनडॉर्फने जर्मनीत १९०६ मध्ये बनवली. कामाचा माल ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्रीलॅम बोर्ड, म्हणजे लॅमिनेट आधीच चिकटवलेला. मुख्य ब्लेड ३०० मिलिमीटर, ९६ दात, मिनिटाला सुमारे ४००० फेरे. त्याच्या पुढे १२० मिलिमीटरचं छोटं स्कोअरिंग ब्लेड उलट्या दिशेने फिरतं आणि खालच्या लॅमिनेटला दीड-दोन मिलिमीटर खोल चर पाडतं, म्हणजे मोठं ब्लेड बाहेर पडताना कडेचे कपचे उडत नाहीत. हा चर मुख्य ब्लेडच्या कापापेक्षा केसभर, साधारण ०.१ मिलिमीटर, रुंद हवा आणि दोन्ही बाजूंना सारखा. एका बाजूला कपचे उडत असतील तर स्कोअरिंग आडवं सरकलेलं आहे. दोन्ही बाजूंना उडत असतील तर चर अरुंद तरी आहे किंवा दात बोथट झालेत. मुख्य ब्लेडला धार लावून आणली की त्याचा काप किंचित अरुंद होतो, म्हणून स्कोअरिंगचं सेटिंग त्याच दिवशी पुन्हा तपासावं लागतं. नेमकं तेच राहून जातं.

एज बँडिंगचं, म्हणजे बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवण्याचंही तसंच. गोंद १८० ते २०० अंशांवर वितळतो, पण बोर्डाची कड थंड किंवा भुशाने माखलेली असेल तर पट्टी महिन्याभरात सुटते. थंडीत सकाळच्या पहिल्या मालात ही तक्रार जास्त येते, कारण रात्रभर शेडमध्ये गार पडलेला बोर्ड गोंद पसरण्याआधीच गोठवतो.

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कटरच्या यंत्रावर, फळी ढकलायचं काम संपतं, निर्णय उरतात. १८,००० फेरे, दोन धारांचा कटर आणि मिनिटाला १२ मीटर फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) म्हणजे प्रत्येक धार ०.३३ मिलिमीटरचा तुकडा काढते. आवाजाला घाबरून फीड ४ मीटरवर आणलं तर तुकड्याऐवजी पीठ निघतं, कटर तापतो आणि कड काळी पडते. छोटे भाग त्यांना टेबलावर धरून ठेवणारा व्हॅक्यूम सुटून उडतात, म्हणून त्यांच्या तळाशी अर्धा मिलिमीटर पापुद्रा राखून तो शेवटच्या फेरीत कापतात.

नोकरीच्या भवितव्याचं उत्तर इथेच आहे. बोर्ड चढवणं, बारकोड दाखवणं, भाग उतरवणं ही कामं बीम सॉ (बोर्ड आपोआप कापणारी मोठी करवत) आणि स्वयंचलित ड्रिलिंग मशीन उचलत आहेत, आणि कापणीचा आराखडा सॉफ्टवेअर आखतं. एवढंच येणाऱ्या माणसाची जागा कच्ची आहे, हे शिकणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. कपचा पाहून ब्लेड ओळखणारा, गोंदाचं तापमान ऋतूप्रमाणे बदलणारा, प्रोग्राममध्ये पट्टीची जाडी आणि प्रीमिलिंगने (पट्टी लावण्याआधी कड तासण्याने) जाणारा मिलिमीटर वजा-जमा करणारा माणूस मात्र कमी पडतो. आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड पाया देतो. पुढचं शिक्षण बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतल्या प्रगत लाकूडकाम प्रशिक्षण केंद्रात मिळतं, आणि फर्निचर अँड फिटिंग्ज स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रं आहेत.

एक गोष्ट मात्र कुठलंच ऑटोमेशन आपोआप सोडवत नाही: भुसा. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांत नाकाच्या पोकळीचा कर्करोग जास्त आढळला, आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, नोंदवला. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं, पीठ त्याहून बारीक. कामाला रुजू होताना पगाराइतकंच हेही विचारावं: डस्ट कलेक्टर प्रत्येक मशीनला जोडलेला आहे का, आणि त्याची पिशवी किती दिवसांनी झटकतात?