टेबलटॉप भूमिकाखेळांवरील टीका आणि चाहत्यांची प्रतिक्रिया (बेळगाव सीमाभाग)

टेबलाभोवती बसून, फासे आणि तोंडी कथन यांच्या आधारे खेळायच्या भूमिकाखेळांत कुणी खोट काढली की चाहते ती कशी घेतात, याची ही नोंद. या खेळात एक जण कथेचं जग चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन बोलतात, लढतात, फसतात. जमलं की नाही हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. सर्वांत गाजलेला खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डीअँडडी). गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत बाजारात आला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तो आजही इंग्रजी नियमपुस्तकं वाचणाऱ्या मोजक्या टोळक्यांपुरताच आहे. पण वाद घालण्याची रीत पुस्तकांबरोबर इकडेही आली.

ही रीत घडली १९८० च्या दशकात. मुलाच्या आत्महत्येला हा खेळच कारणीभूत आहे असं मानून पॅट्रिशिया पुलिंग या आईने १९८३ मध्ये खेळाविरोधात संघटना काढली. खेळातून सैतानपूजा शिकवली जाते, असा प्रचार झाला. गायगॅक्स यांना दूरचित्रवाणीवर बचाव करावा लागला. खेळांचे लेखक मायकल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये पुलिंगबाईंच्या दाव्यांची मुद्देसूद चिरफाड केली. चाहत्यांकडून आलेलं हे बहुधा सर्वांत भक्कम उत्तर. डीअँडडी छापणाऱ्या कंपनीने मात्र त्याआधीच, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, 'डेव्हिल' आणि 'डीमन' हे शब्द गाळून टाकले होते. टीकाकार म्हणजे खेळ न बघताच बोलणारा बाहेरचा माणूस, हा समज या काळात पक्का झाला. पुढची टीका खेळणाऱ्यांकडूनच आली, तरी तिला उत्तर जुन्याच सुरात मिळत राहिलं.

२००८ ची चौथी आवृत्ती अनेकांना व्हिडिओ गेमसारखी वाटली आणि चाहत्यांत उभी फूट पडली. पायझो या कंपनीने तिसऱ्या आवृत्तीचे नियम खुल्या परवान्याखाली (म्हणजे इतरांनाही नियम वापरू देणाऱ्या परवान्याखाली) घेऊन २००९ मध्ये 'पाथफाइंडर' आणला. नुसतं भांडत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नियमांवरच्या टीकेला ठरलेलं उत्तर एकच: डीएम सांभाळून घेतो. तिसऱ्या आवृत्तीत वरच्या लेव्हलला जादूगार उडतो, गायब होतो, काळ थांबवतो. तलवारवाला फायटर तलवारच फिरवत राहतो. बेळगावच्या टेबलावर हा मुद्दा निघाला की संवाद साधारण असा होतो:

"मग फायटर घेतलेल्यानं काय नुसतं बघत बसायचं?"

"काय सांगालास लेका? डीएम चांगला असला की सगळं बसतंय."

डीएमने नियम दुरुस्त केला म्हणजे नियमात खोट नव्हतीच, असं यातून सिद्ध होत नाही. इंग्रजी भाषक चाहत्यांनी या तर्कदोषाला 'ओबेरोनी फॅलसी' असं नावही देऊन ठेवलंय. तरी तो मरत नाही. डीएम शेजारीच बसलेला असतो आणि त्याला नाराज करणं कुणालाच परवडत नाही, हेही त्याचं एक कारण.

ऑर्कसारख्या खेळातल्या काल्पनिक जमाती जन्मतःच दुष्ट दाखवण्यावर बरीच वर्षं टीका होत होती. जून २०२० मध्ये डीअँडडीच्या कंपनीने हा दोष मान्य केला. त्याच वर्षी जमातीनुसार मिळणारे गुण हवे तिकडे फिरवायची मुभा आली आणि २०२४ च्या नियमपुस्तकात 'रेस' (वंश) या शब्दाच्या जागी 'स्पीशीज' (प्रजाती) आलं. 'खेळात राजकारण नको' ही यावरची नेहमीची प्रतिक्रिया. सीमाभागात तिला वेगळं वजन आहे. १ नोव्हेंबरला एका घरात राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरात काळा दिवस पाळला जातो. टेबलावर मराठी आणि कानडी पोरं शेजारी बसतात, तेव्हा जन्मावरून माणसाची बाजू ठरवणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे कुणी टीका उचलून धरतो, तर कुणी नेमक्या त्याच कारणाने म्हणतो, निदान इथे तरी तो विषय नको. दोघांचंही खरं आहे.

'डीइटीज अँड डेमिगॉड्स' (१९८०) या पुस्तकावरची टीका इथे निराळ्या वाटेने येते. त्यात इंद्र, यम, काली यांना हिट पॉइंट (किती मार सोसता येईल याचा आकडा) दिले आहेत. म्हणजे फासे अनुकूल पडले तर देव मारता येतो. परदेशी टीकाकार याला संस्कृतीची उचलेगिरी म्हणतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या घरातल्या पोराला त्या शब्दाची गरज नसते. घरी कळलं तर काय, एवढंच त्याला पुरतं. अशा टेबलावर सोपी वाट म्हणजे देवांना फाशांपासून लांब ठेवणं.

जानेवारी २०२३ मध्ये मात्र चाहते कंपनीवरच उलटले. खुला परवाना आवळण्याचा मसुदा फुटला, तशा लोकांनी कंपनीच्या डिजिटल सेवेच्या वर्गण्या पटापट रद्द केल्या. सुधारित मसुद्यावर कंपनीने मतं मागवली, तेव्हा १५,००० हून अधिक लोकांनी लिहून पाठवलं. बहुतेकांनी विरोधच केला. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले.

श्रेय दिलं की हे नियम आता कुणालाही मराठीत किंवा कानडीत आणता येतात, विकताही येतात. बिहोल्डर, माइंड फ्लेअर असे कंपनीचे ठेवणीतले राक्षस लढवण्याजोग्या तपशिलासह त्यात नाहीत. ती जागा भरायला वेताळ, मुंजा, हडळ आहेतच. पण मुंजाला किती हिट पॉइंट, हे डीएमने स्वतः ठरवलं की टीका थेट त्याच्यावर येते. तो मतं मागवत नाही, चिडतो.