शांतिनिकेतनला निघण्यापूर्वी: पाच मुलांच्या शाळेविषयी

नमस्कार,

आमच्या शांतिनिकेतन सहलीत तुम्ही नाव नोंदवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. गाडीच्या वेळा, राहण्याची व्यवस्था आणि सामानाची यादी वेगळ्या कागदावर दिली आहे. हा कागद शाळेविषयी आहे, कारण आपण जे बघायला निघालो आहोत ती मुळात एक शाळा आहे. रवींद्रनाथांची घरं, काचेचं उपासनागृह, बाटिकच्या ओढण्या एवढं बघून पुष्कळ लोक परततात. ज्या हट्टापायी हे सगळं उभं राहिलं, तो बघायचा राहूनच जातो. तसं होऊ नये म्हणून रात्री गाडीत बसल्यावर हे शांतपणे वाचा.

सुरुवात एका झाडापासून करू. बंगालीत त्याला छातिम म्हणतात, आपण सातवीण म्हणतो. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी जो उग्र, गोडसर वास अचानक अंगावर येतो, तो हिच्याच फुलांचा. एका देठाशी सात-सात पानं, तळहातासारखी पसरलेली. हिच्या लाकडाच्या पूर्वी शाळेसाठी पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावातही ‘स्कोलॅरिस’ आहे. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये बंगालमधल्या वीरभूम जिल्ह्याच्या उजाड माळावर वीस बिघे जमीन घेतली, ती अशाच दोन सातविणींची सावली बघून. तिथे त्यांनी घर बांधलं आणि त्याला शांतिनिकेतन नाव दिलं. पुढे १८८८ च्या विश्वस्तपत्रात तिथे विद्यालय काढण्याची मुभाही लिहून ठेवली.

ते विद्यालय निघालं २२ डिसेंबर १९०१ रोजी, बंगाली पंचांगातल्या ७ पौषला. मुलं पाच. त्यांतला एक रवींद्रनाथांचाच थोरला मुलगा, रथी. रवींद्रनाथ तेव्हा चाळीस वर्षांचे होते. लहानपणी कलकत्त्यातल्या चार शाळा झाल्या, पण एकीतही त्यांचं मन रमलं नाही, आणि शाळा सुटली ती सुटलीच. आपल्या मुलांना त्या भिंतींत घालायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

सुरुवातीला फी नव्हती, त्यामुळे खर्च घरातूनच चालायचा. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले, पुरीचं घर विकलं गेलं. मुलांच्या खाण्यापिण्याकडे मृणालिनीदेवी स्वतः बघत. शाळेला वर्षही पुरं झालं नव्हतं तोच, नोव्हेंबर १९०२ मध्ये, त्या गेल्या. पुढच्या वर्षी मुलगी रेणुका गेली. शाळा बंद पडली नाही.

ही शाळा पहिल्या दिवसापासून गाण्याचित्रांची होती, असा समज असतो. तसं नव्हतं. नाव होतं ब्रह्मचर्याश्रम, आणि वळणही प्राचीन गुरुकुलाचं. भगवी वस्त्रं, अनवाणी पाय, कडक दिनक्रम, आणि जेवणाच्या पंगतीत जातीचं सोवळंसुद्धा. हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे तिथे जे मोकळेपण आलं, ते ठरवून, जुनं एकेक टाकून देत आणलेलं आहे, आणि आम्हाला त्याची किंमत म्हणूनच जास्त वाटते.

त्या बदलात एका लहान मुलाचाही हात आहे. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्र, घरातला शमी. १९०७ च्या वसंतपंचमीला त्याने मित्रांना जमवून ऋतूंचा उत्सव मांडला. दहा वर्षांच्या पोराने केलेला खेळ तो. पुढे ज्या वसंतोत्सवाला गर्दी लोटू लागली, त्याचं मूळ तिथे सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सुट्टीत बिहारमधल्या मुंगेरला गेला असता, कॉलऱ्याने शमी गेला. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, रवींद्रनाथांनी शाळेतल्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ लिहिलं. शाळेत तेव्हा सगळे मुलगेच, म्हणून नाटकात एकही स्त्रीपात्र नाही. शरदातली सुट्टी लागलेली आहे, आणि एक मुलगा मात्र गेलेल्या गुरूचं कर्ज फेडायला पोथ्यांच्या नकला करत बसला आहे. बाकीची मुलं खेळ सोडून त्याच्या मदतीला येतात. मुलगा गमावलेल्या बापाने वर्षभरात मुलांसाठी हे लिहिलं. आम्हाला या शाळेची सगळी दृष्टी या एका गोष्टीत दिसते.

गाणं, चित्र, नाटक हे तिथे अभ्यास संपल्यावरचे छंद नव्हते. दिवस गाण्याने उजाडायचा. पावसाची गाणी पावसात शिकायची. १९१९ मध्ये कलाभवन ही चित्रकलेची शाळा सुरू झाली, चित्रकार नंदलाल बसू तिथे आले, आणि मोठे चित्रकार जिथे भिंती रंगवत, त्याच आवारात ही मुलं वावरत मोठी झाली. याचा सगळ्यात सुंदर नमुना हातात मावतो: १९३० चं ‘सहज पाठ’ हे अंकलिपीचं पुस्तक. शब्द रवींद्रनाथांचे, काळीपांढरी ठसाचित्रं नंदलालांची. पहिल्या इयत्तेच्या पुस्तकासाठी देशातला अव्वल कवी आणि अव्वल चित्रकार एकत्र बसतात, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. शांतिनिकेतनला लागूनच असलेल्या बोलपूर गावातल्या दुकानांत ते मिळतं. बंगाली येत नसली तरी घ्या. नातवंडांना चित्रं वाचता येतात.

मराठी माणसांचाही या शाळेशी जुना संबंध आहे. पंडित भीमराव शास्त्री तिथे शास्त्रीय संगीत शिकवत. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१५ मध्ये तिथेच होते, आणि गांधीजींची व त्यांची भेट तिथे झाली. त्या वर्षी १० मार्चला गांधीजींच्या सांगण्यावरून मुलांनी आणि शिक्षकांनी स्वयंपाक, झाडलोट, सगळं स्वतः करायला घेतलं. तो प्रयोग फार दिवस टिकला नाही, पण १० मार्चला नोकरवर्गाला सुट्टी देऊन कामं आपण करायची, ही रीत राहिली.

या शाळेतूनच १९२१ मध्ये विश्वभारती हे विद्यापीठ झालं आणि मोठं होत गेलं. मूळ शाळा ‘पाठभवन’ या नावाने आजही चालू आहे. अमर्त्य सेन तिथलेच विद्यार्थी. सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आता एक कळकळीची विनंती. झाडाखालचा वर्ग दिसला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. आमच्या पहिल्या सहलीत आमच्यातल्या काही जणांनी कुंपणाशी गर्दी करून फोटो काढले. मुलं कविता म्हणत होती. ती थांबली, आमच्याकडे बघू लागली. शिक्षिका काही बोलल्या नाहीत, मुलं पुन्हा कविता म्हणू लागेपर्यंत हातातलं पुस्तक मिटून बसून राहिल्या. त्या दिवशी आमच्यामुळे एक तास बुडाला, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. म्हणून वर्ग चालू असताना आपण त्या बाजूला जात नाही. आश्रमाच्या आवारात प्रवेशाच्या वेळा बदलतात. त्या निघण्याआधी कळवू. बुधवारी तिथे साप्ताहिक सुट्टी असते, सकाळी उपासनागृहात प्रार्थना होते. आपला मुक्काम त्या हिशेबाने धरला आहे.

मुलं नसतानाच्या शांत वेळी मात्र नीट बघा. झाडाच्या बुंध्याशी शिक्षकांचा ओटा, समोर अर्धगोलात मोकळी माती. मुलं आपापलं आसन काखेत घेऊन एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जातात. माती लाल, जांभ्याची. कोकणातल्या माणसाला पाय टाकताच ओळख पटेल. पाऊस आला की वर्ग उठतो.

हावड्याहून बोलपूर सुमारे अडीच तास. स्टेशनवरून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, करू. बसायला एक सतरंजीचा तुकडा, कोऱ्या कागदांची वही आणि मऊ शिसाची पेन्सिल प्रत्येकाने आणायची आहे, चित्र येत असो वा नसो. पहिल्या संध्याकाळी एका सातविणीखाली अर्धा तास बसून तिचं एक पान काढायचं. पानं सातच असतात असं नाही, मोजून काढा.