पेड जाहिरात आणि पेड बॅकलिंक: पैसे दोन्हीकडे जातात, मग फरक कुठे?

छोटा धंदा असलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात आणि प्रश्न एकदम रास्त आहे. एखाद्या न्यूज पोर्टलला पैसे देऊन बॅनर लावला, त्यावर क्लिक केलं की आपली साइट उघडते, गूगलचं त्यावर काही म्हणणं नसतं. त्याच पोर्टलला पैसे देऊन एखाद्या लेखात आपल्या साइटची लिंक, म्हणजे बॅकलिंक, टाकून घेतली की गूगल तिला लिंक स्पॅम म्हणतं, म्हणजे रँकिंग फसवायला केलेली लिंक. पोर्टल तेच, पैसे तेच, लिंकही तीच, मग एक सरळ व्यवहार आणि दुसरी लबाडी कशी? एसईओ करणारे, म्हणजे साइट गूगल सर्चमध्ये वर आणून देणारे, बरेच जण इथे "सगळेच करतात हो" म्हणून विषय मिटवतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण फरक आहे आणि चांगला मोठा आहे, फक्त पानावर बघून तो दिसत नाही.

आधी लिंकला एवढा भाव का आला ते बघू. १९९८ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये पेजरँकची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने मत टाकलं, आणि ज्या पानाला स्वतःलाच खूप मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. गूगल आज रँकिंगसाठी इतर असंख्य गोष्टी बघतं, पण लिंक अजून मोजल्या जातात. आणि मत मोजलं जातं म्हटल्यावर ते विकत घेणारा आणि विकणारा तयार होणारच, आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता जाहिरात देणाऱ्याला काय हवं असतं? माणूस. वाचकाने बॅनर बघावा, क्लिक करावं, दुकानात यावं. पेड बॅकलिंक घेणाऱ्याला वाचक नकोच असतो. त्याची लिंक तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी एका शब्दाखाली पुरलेली असते, तिच्यावर वर्षभर एकानेही क्लिक केलं नाही तरी चालतं, कारण ती गूगलच्या बॉटने, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमने, वाचावी आणि मत म्हणून मोजावी एवढ्यासाठीच पैसे मोजलेले असतात. म्हणून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सांगते: ही लिंक गूगलला दिसलीच नाही तरी तुम्ही तिचे एवढेच पैसे द्याल का? हो म्हणालात तर ती जाहिरात आहे, बिनधास्त द्या. नाही म्हणालात तर तुम्ही मत विकत घेताय.

तांत्रिक बाजूने हा फरक एका शब्दात मावतो. लिंकवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलं की लिंकचा कोड दिसतो, त्यात पत्त्याच्या आसपास 'रेल' (rel) नावाची एक जागा असते. जाहिरातीच्या लिंकमध्ये तिथे 'स्पॉन्सर्ड' (sponsored) किंवा 'नोफॉलो' (nofollow) हा टॅग लिहिलेला असायला हवा. नोफॉलो २००५ मध्ये आलं, खरं तर कॉमेंटमधल्या स्पॅमवर उपाय म्हणून, आणि स्पॉन्सर्ड २०१९ मध्ये. अर्थ साधा आहे, या लिंकचे पैसे घेतलेत, हिला मत म्हणून धरू नका. वाचकाला काही फरक पडत नाही, लिंक तशीच उघडते. एवढा एक शब्द लावला की गूगलच्या दृष्टीने व्यवहार स्वच्छ.

आणि बॅकलिंक विकणारे नेमका हाच शब्द लावत नाहीत. जरा बरी चाललेली कुठलीही साइट किंवा ब्लॉग असेल तर तुम्हाला अशा मेल आल्याच असतील, "गेस्ट पोस्ट, डू-फॉलो, परमनंट, स्पॉन्सर्ड टॅग नको", म्हणजे लेख आम्ही देतो, त्यातली लिंक नोफॉलो न लावता कायमची ठेवा, आणि विकणाऱ्यांच्या रेटकार्डात कॅसिनो आणि बेटिंगचा रेट वेगळा, जास्तीचा. सोबत डीए अमुक, डीए तमुक असे आकडे. हे डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइटचं वजन दाखवायला मॉझ नावाच्या कंपनीने स्वतःच्या अंदाजाने काढलेला आकडा आहे, गूगल तो वापरत नाही, तरी त्यावरच भाव ठरतो. पण त्या मेलमधलं "टॅग नको" हे वाक्य नीट वाचा. लिंक खरंच वाचकांसाठी असती तर टॅग असला काय नि नसला काय, कोणाचं काय बिघडलं असतं? व्यवहारातला खोटेपणा त्या दोन शब्दांत कबूल केलेला असतो.

बरं, याचा उपयोग होतो का? इथे खोटं बोलून चालणार नाही, होतो, निदान कधीकधी आणि काही काळ तरी होतो. अमेरिकेतल्या जेसीपेनीचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना माहीत असायला हवं. २०१० च्या ख्रिसमस सीझनमध्ये हे डिपार्टमेंट स्टोअर गूगलवर एकाहून एक भारी सर्चला पहिल्या नंबरवर होतं. सॅमसोनाइटची कॅरी-ऑन बॅग शोधली तरी सॅमसोनाइटच्या स्वतःच्या साइटच्या वर जेसीपेनी! फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शोध घेतला तेव्हा कळलं की त्यांच्या ड्रेसच्या पानाला हजारो ठिकाणांहून लिंक होत्या, आणि त्या कुठून, तर कुत्रे, कॅमेरे, घोरण्यावरचे उपाय, डेंटिस्ट, असल्या साइटवरून, ज्यांचा ड्रेसशी काडीचा संबंध नाही. कंपनीने आपल्याला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं आणि एसईओ एजन्सीला काढलं. गूगलने हाताने कारवाई केल्यावर त्या बॅगच्या सर्चमध्ये दोन तासांत पहिल्यावरून ७१ व्या नंबरवर. पण सीझन तर होऊन गेला होता, विक्रीही झाली होती. म्हणून "पकडले गेले तर" हा हिशोब करणारे लोक आजही आहेत, आणि मोठ्या कंपनीला असा मार खाऊन परत उभं राहता येतं. ज्याची सगळी गिऱ्हाइकं गूगलवरूनच येतात अशा नाशिकच्या किंवा सांगलीच्या छोट्या व्यावसायिकाला ते झेपत नाही, आणि एजन्सी मात्र हेच पॅकेज "महिन्याला इतक्या बॅकलिंक" म्हणून त्यालाच विकते, धोका काय आहे हे न सांगता. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

तेव्हापासून खेळही बदललाय. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा गूगलच्या रँकिंगमधला बदल आला, ज्यात विकतच्या लिंकांमुळे साइट खाली जायला लागल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये तेच पेंग्विन रिअल टाइम झालं, म्हणजे सतत चालू राहायला लागलं, आणि गूगलने पवित्रा बदलला, आता अशा लिंक सापडल्या की बहुतेक वेळा साइटला शिक्षा न करता त्या लिंकच मोजायच्या नाहीत. डिसेंबर २०२२ पासून विकतच्या लिंक ओळखायला स्पॅमब्रेन ही मशीन लर्निंगवाली सिस्टिमसुद्धा वापरतात. ऐकायला हे सौम्य वाटतं, पण पैसे देणाऱ्यासाठी वाईट आहे, कारण शिक्षा झाली तर निदान सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, मेसेज दिसतो, आणि लिंक नुसती मोजली नाही तर काहीच कळत नाही. तुम्ही महिन्याच्या महिन्याला पैसे भरताय, एजन्सी एक्सेल शीट पाठवतेय, लिंक पानावर दिसतेय आणि तिची किंमत शून्य.

एका केसमध्ये तर जाहिरात आणि बॅकलिंक या दोघांमधली रेष अगदी स्पष्ट दिसते. ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं पोचवणाऱ्या कंपनीने प्रादेशिक वर्तमानपत्रांच्या साइटवर व्हॅलेंटाइन डेच्या आधी ढिगाने ॲडव्हर्टोरियल छापून आणली, म्हणजे लेखासारखी दिसणारी जाहिरात. छापा की, त्याला कोण नाही म्हणतंय! पण त्या लिंकांना नोफॉलो नव्हतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये गूगलने असा दणका दिला की स्वतःच्या नावाने शोधलं तरी साइट सापडेना. तिथला मदर्स डे त्या वर्षी मार्चमध्ये होता, फुलांच्या धंद्याचा ऐन सीझन, त्याच्या जरा आधी अकरा दिवसांनी साइट परत आली, तीही धावपळ करून लिंक काढायला लावल्यावर. आणि माझ्या मते महत्त्वाचा भाग पुढेच आहे: ती वर्तमानपत्रंही सुटली नाहीत, त्यांच्या साइटचा तेव्हा गूगलच्या ब्राउझर टूलबारमध्ये दिसणारा पेजरँकचा आकडा धाडकन खाली आला. म्हणजे मार विकणाऱ्यालाही बसला. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०१२ मध्ये, क्रोमच्या प्रमोशनसाठी लिहून घेतलेल्या एका पेड पोस्टमध्ये नोफॉलो नसलेली लिंक सापडली, तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोमचं पान निदान ६० दिवसांसाठी खाली ढकललं होतं.

नैतिकतेचं म्हणाल तर "गूगलचा नियम मोडला" एवढ्यावर मी थांबणार नाही. गूगल काही देव नाही, २०१८ मध्ये आपल्याच स्पर्धा आयोगाने सर्चमधल्या पक्षपाताबद्दल त्यांना सुमारे १३६ कोटींचा दंड केला होता. नियम त्यांनी त्यांच्या धंद्यासाठी केलेत हेही मान्य. पण विकतच्या मताचा भुर्दंड गूगलला बसत नाही, तो बसतो रात्री अकरा वाजता आईसाठी किडनीचा डॉक्टर शोधणाऱ्या मुलाला, आणि त्या डॉक्टरला ज्याचं काम खरंच चांगलं आहे पण पॅकेज घ्यायला पैसे नाहीत. जाहिरात निदान तोंडावर सांगते की मी जाहिरात आहे, माणूस सावध होऊन वाचतो. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ज्या १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची, यादी आहे त्यात 'लपवलेली जाहिरात' आहेच. म्हणजे पैसे घेऊन लिहिलेला मजकूर बातमी म्हणून वाचकापुढे ठेवणं ही गूगलची अंतर्गत भानगड उरलेली नाही.

मधला धूसर भाग आहे, नाही असं नाही. तुम्ही मंडळाच्या मॅरेथॉनला पैसे दिले, त्यांनी साइटवर तुमचा लोगो आणि लिंक टाकली, हे काय? स्पॉन्सरशिप आहे, त्यांना स्पॉन्सर्ड टॅग लावायला सांगा, झालं. ऑनलाइन दिवाळी अंकात दिलेल्या जाहिरातीचंही तेच. फुकट वस्तू किंवा सूट देऊन लिंक मागणं मात्र सरळ विकतच्या खात्यात जातं. ओव्हरस्टॉक या अमेरिकन साइटने कॉलेजच्या पानांवरून लिंक मिळवायला विद्यार्थ्यांना आणि स्टाफला १० टक्के सूट देऊ केली होती, पैसे हातात दिले नव्हते, तरी २०११ मध्ये फटका बसलाच. आणि कोणी आपणहून तुमच्याबद्दल लिहिलं, लिंक दिली, तर त्याला टॅग लावायला सांगू नका, ते खरं मत आहे.

मराठी ब्लॉग आणि छोटी पोर्टलं चालवणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगते, कारण जाहिरातींचं उत्पन्न किती तुटपुंजं असतं ते मला माहितीये आणि ती मेल आली की मोह होणं साहजिक आहे. पैसे घ्यायचेच असतील तर घ्या, पण वर 'जाहिरात' लिहा आणि टॅग लावा. बेटिंगवाल्यांना तर दारातूनच परत पाठवा, ऑनलाइन बेटिंगच्या जाहिराती छापू-दाखवू नका असं माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्येच सांगितलंय, 'गेस्ट पोस्ट' म्हणून छापल्याने ती जाहिरात राहत नाही असं नाही. "टॅग लावणार" म्हटल्यावर निम्मे जण पुन्हा मेलच करत नाहीत, आणि जे करतात ते खरे जाहिरातदार.

अजून एक, ब्लॉग बंद करायचा झाला तरी जमलं तर डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण चालू ठेवा. सुटलेली जुनी डोमेन उचलायला हेच लोक टपलेले असतात, कारण त्यांना वर्षानुवर्षांच्या खऱ्या लिंक आयत्या मिळतात. मग कोणाच्या तरी कवितांच्या नाहीतर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या साइटच्या पत्त्यावर एक दिवस रमीचं पान उघडतं, नि जुन्या मित्रांनी प्रेमाने दिलेल्या लिंक त्या रमीला मत देत राहतात. मार्च २०२४ पासून गूगल यालाही स्पॅम म्हणतं, पण तुमच्या नावाच्या पत्त्यावरचं ते पान काही त्यामुळे नाहीसं होत नाही.